ड्रॅगन खातो काय?

आमच्या घरात प्रेमकादंबऱ्या वाचणारी मी एकटी आणि ड्रॅगनचे सिनेमे बघणारी माझी मुलगी एकटी. तिचे वडील दोघींना सारखेच हसतात. माझ्या पुस्तकांना ते ‘रडगाणी’ म्हणतात आणि मुलीच्या सिनेमांना ‘पाली’. “तुझी पाल लागली का गं टीव्हीला?” असं विचारत हात धुऊन जेवायला बसतात, आणि मग ताटावरचा हात तसाच वाळला तरी सिनेमा शेवटपर्यंत बघतात.

पुस्तकं माझ्याकडे आली ती भाडेकरूंमुळे. आम्ही मुळशीतल्या नांदे गावचे. सासऱ्यांच्या काळात घरापुढे भात असायचा. आता भात घरामागे सरकला आहे आणि पुढे आम्ही बांधलेली तीन मजल्यांची इमारत आहे. तिच्यात हिंजवडीच्या कंपन्यांत काम करणारी मुलंमुली राहतात, कुणी लातूरचं, कुणी जळगावचं. खोली सोडताना ही मंडळी फुटकी बादली, हँगर, प्लॅस्टिकची फुलं, असं काहीबाही मागे ठेवून जातात. अकोल्याची एक मुलगी लग्न ठरल्यावर निघाली, तेव्हा तिने पिशवीभर मराठी प्रेमकादंबऱ्या माझ्या दारात ठेवल्या आणि म्हणाली, “काकू, रद्दीत द्या. आता मला यांची गरज नाही.” बाई गं, गरज तर आता लागेल, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण एवढी आनंदात चालली होती, म्हणून गप्प बसले आणि पिशवी आत घेतली.

तेव्हापासून मी वाचते आहे. दुपारी भांडी झाली, वरची टाकी भरली, की उशी भिंतीला टेकवून बसायचं. पिशवी संपली तसं भाडेकरू मुलींकडे मागून मागून वाचलं, मग एकीने फोनवर वाचायचं शिकवलं. इतकं वाचून झाल्यावर माझी काही मतं झाली आहेत आणि कुणी विचारो न विचारो, मी ती सांगते.

नायक उंच असतो. बुटका नायक अजून माझ्या हाती लागलेला नाही. तो श्रीमंत असतो, रागीट असतो आणि त्याची कसलीतरी मोठी कंपनी असते, ती आपोआप चालते. आमच्या इमारतीत कंपनीत जाणारे डझनावारी आहेत. घरी येतात तेव्हा त्यांच्यात बूट काढण्याचंही त्राण नसतं, फुलं घेऊन कुणाच्या खिडकीखाली उभं राहणं दूरच. नायिका बहुधा पोरकी असते, त्यामुळे लिहिणारीला आई, आत्या, मावश्या असं काही सांभाळावं लागत नाही. आणि ते गैरसमज! नायक तिला हॉटेलात दुसऱ्याच माणसाबरोबर बघतो आणि अर्धं पुस्तक अबोला धरतो. तो माणूस तिचा भाऊ असतो. नांद्यात असं झालं असतं, तर दिवस मावळायच्या आत दूधवाल्यापासून पिठाच्या गिरणीपर्यंत सगळ्यांनी त्याला थांबवून सांगितलं असतं, की बाबा रे, तो तिचा भाऊ.

एवढं कळूनही मी का वाचते? कारण त्या पुस्तकांत कुठेतरी, उशिरा का होईना, कुणीतरी नायिकेला विचारतं, ‘तुला काय वाटतं?’ मला बघायला आले होते तेव्हा तांदळाची भाकरी येते का, एवढंच विचारलं होतं. मी ‘येते’ म्हटलं आणि लग्न झालं. संसार चांगला झाला, तक्रार करायला जागा नाही. आमच्या ह्यांनी मला कधी उपाशी ठेवलं नाही, कधी रडवलं नाही, आजारपणात माझी लुगडी धुतली. पण तो प्रश्न काही त्यांना सुचला नाही. म्हणून पुस्तकात तो आला की मी पुस्तक पालथं ठेवते आणि जरा वेळ खिडकीबाहेर बघत बसते. बरं वाटतं.

मुलीच्या सिनेमांबद्दलही माझी मतं आहेत. ती कंपनीतच आहे, लग्नाच्या वयाची, आणि शनिवारी दुपारी आमच्या टीव्हीवर तिचं जादूचं राज्य लागतं. मी शेजारी बसून पावटे सोलते. माझं म्हणणं असं, की त्या सिनेमांतल्या सगळ्या लढाया मुळात बांधाच्या आहेत. डोंगराअलीकडे एका भावाचं राज्य, पलीकडे दुसऱ्याचं, आणि मधली नदी कुणाची यावरून माणसांचे ढीग पडतात. आमच्या मुळशीत वीतभर जागेवरून तेच चालतं, फक्त तलवारी न काढता मोजणी आणतात. मग तो निवडलेला मुलगा. त्याच्या हातावर जन्मखूण असते, ती एका दाढीवाल्या म्हाताऱ्याला दिसते आणि पोरगं खरा वारस ठरतं. खुणेवरून आमच्याकडे सातबाऱ्याला कुणी हात लावू देणार नाही. आणि ड्रॅगन एवढी गावं जाळतो, पण पंचनाम्याला काही कुणी येत नाही.

ह्यांची शंका वेगळीच असते, आणि ती दर सिनेमाला तीच. “ह्ये एवढं मोठं जनावर खातंय काय? तितं गवताची काडी दिसंना. आन् त्याला पाणी कोण दावतंय?”

“पप्पा, तो ड्रॅगन आहे.”

“आसंल. पोट हाय का न्हाई त्याला?”

पण एक कबूल करते, ते ड्रॅगनच्या पाठीवर बसून उडतात ना, तेव्हा मी पावटे सोलायचं विसरते. खाली शेतं, नदी, छोटी छोटी घरं, आणि वाऱ्याचा तो आवाज. मला फार आवडतं ते. एका सिनेमात राजाची मुलगी पंख मोडलेल्या ड्रॅगनला चोरून वाढवते आणि शेवटी त्याला डोंगरापलीकडे सोडून देते, तेव्हा मी पदर तोंडाला लावून रडले. मुलगी माझ्याकडे बघून हसत होती. म्हणाली, “आई, माझा ड्रॅगन खोटा आहे हे मला माहितीये. तुझा हिरो खोटा आहे हे तुला माहीत नाही. प्रॉब्लेम तिथे आहे.”

तर अशी ही मुलगी एक दिवस मला म्हणाली, “आई, माझ्यासाठी स्थळ बघ.”

माझा अगदी हिरमोड झाला. मी इतकी वर्षं वाट बघत होते, की एक दिवस ती कुणालातरी घेऊन दारात उभी राहील, तिचे वडील आदळआपट करतील, भावकी तोंडं वाकडी करेल आणि मी तिच्या बाजूने उभी राहीन. माझी वाक्यंसुद्धा तयार होती. घरातल्या एकीला तरी प्रेमात पडायला मिळावं, ही माझी फार मनातली इच्छा, आणि ही म्हणते स्थळ बघ!

“अगं, तुझ्या ऑफिसात एवढी मुलं,” मी म्हटलं.

“सगळे दमलेले असतात गं. मीपण. तूच बघ. मला ‘नाही’ म्हणता येईल ना, मग झालं तर.”

तुळशीचं लग्न उरकलं की आमच्याकडे पाहुण्यांच्या खेपा सुरू होतात. जवळच चांदे गावात दिलेल्या नणंदबाईंनी शेजारच्या नेरे गावचं स्थळ आणलं. मुलगा कंपनीत, सकाळी उठून घरचं भातही बघतो, वडील नाहीत, घरात आई आणि तो. आमच्यासारखीच माणसं. मी हो म्हटलं, पण मनाशी ठरवलं, की बघण्याचा कार्यक्रम असला तरी प्रेमाला जागा ठेवायची. माझ्यासारखं भाकरीवर भागवायचं नाही.

हल्ली पोहे झाले की मोठी माणसं म्हणतात, ‘पोरांना बोलू द्या जरा,’ आणि दोघांना गच्चीवर पाठवतात. मी आदल्या दिवशीच गच्ची हातात घेतली. वाळत टाकलेला भात गोळा करून पोत्यात भरला, भाडेकरूंच्या चड्ड्याबनियनांच्या दोऱ्या सोडल्या, मोगऱ्याच्या कुंड्या वर नेल्या. मोगऱ्याला तेव्हा फूल नव्हतं, पण पानं होती. दोन खुर्च्या मावळतीकडे तोंड करून मांडल्या. मावळतीला अर्धवट बांधलेला टॉवर आहे, त्याच्या बाराव्या का तेराव्या मजल्यामागे सूर्य जातो, आणि तेवढ्यात क्रेन मधे आली नाही तर छान दिसतो. ह्यांनी वर येऊन बघितलं आणि विचारलं, “हितं काय फोटो काढायचा हाय का?”

मुलगा आला. उंच नव्हता. इस्त्रीचा शर्ट, खाली खेळायचे बूट, आणि हात शेतात राबणाऱ्याचे. पोहे खाली न सांडता खाल्ले, एवढीच मला पहिली नोंद घेता आली. त्याची आई फार बोलली नाही, तोही नाही. मग नणंदबाईंनी ठरल्याप्रमाणे वाक्य टाकलं आणि दोघं वर गेली.

मी रिकामं ताट हातात घेतलं आणि मागोमाग जिन्याच्या वरच्या वळणावर, उघड्या दारातून गच्ची दिसेल अशी जाऊन बसले. कुणी विचारलं तर ताट वर न्यायचं होतं म्हणायचं. कोणत्याही आईने हेच केलं असतं, आणि मी तर त्या विषयाची अभ्यासक.

मग मुलीनेच विचारलं, सिनेमे बघता का. तो म्हणाला बघतो, आणि तिच्याच त्या राजाच्या मुलीच्या सिनेमाचं नाव घेतलं. मी सावरून बसले. म्हटलं, आता.

“शेवट पटला न्हाई मला,” तो म्हणाला. “तिनं त्याला डोंगरात सोडायला नको व्हतं.”

“का? तो मोकळा झाला ना.”

“हातावर वाढलेलं जनावर हाय ते. शिकार कशाशी खातात त्याला माहीत न्हाई. डोंगरात सोडलं म्हणजे मारलंच की.”

“मग काय, जन्मभर बांधून ठेवायचं?”

“दावं सैल सोडायचं.”

“दावं सैल असलं तरी दावंच ना!” मुलीचा आवाज चढला. “त्याला उडता येतं आणि तुम्ही त्याला गोठ्यात ठेवणार. तो काय बैल आहे?”

मला वाटलं, आता हा रागावून उठतो. मग तो म्हणाला, “व्हय. तुमचं बरोबर हाय. मी नुसता त्याच्या पोटाचा विचार केला.”

“माझे पप्पापण तेच करतात,” मुलगी म्हणाली. “प्रत्येक सिनेमाला विचारतात, ड्रॅगन खातो काय.”

यावर तो हसला. साधंसुधं नाही, गडगडून हसला, टाकीच्या पलीकडची कबुतरं उडाली. माझ्या पुस्तकांतले नायक ओठांच्या कोपऱ्यात हसतात; हा असा हसला, की खाली बसलेल्या मोठ्या माणसांचं बोलणं थांबलं. त्यानंतर तासभर दोघांचं तेच चाललं होतं. एका ड्रॅगनला किती शेरडं लागतील, मुळशीतली पुरतील का मावळातून आणावी लागतील, घाटात त्याला बसायला जागा कुठे. मधूनच पुन्हा वाद, पुन्हा “न्हाई पण”, पुन्हा “असं कसं”. सूर्य टॉवरमागे गेला तरी एकानेही तिकडे बघितलं नाही. माझ्या खुर्च्या वाया गेल्या.

मी ताट घेऊन खाली आले, तेव्हा माझं मत झालेलं होतं. चारा, दावं, शेरडं! हे काय बोलणं झालं? ना त्याने तिला काही गोड म्हटलं, ना ती लाजली. हा तर तिच्या वडिलांचीच दुसरी आवृत्ती. माझ्या मुलीने जन्मभर वैरणीच्या गप्पा ऐकाव्यात म्हणून मी तिला शिकवलं नव्हतं. मंडळी गेल्यावर मी तिला विचारलं, कसा वाटला. ती चहाचे कप उचलत “बघू” म्हणाली. बघू म्हणजे नाही, हे मला पुस्तक न वाचताही कळतं, असं मी धरून चालले.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेल्यावर नणंदबाईंचा फोन आला, काय कळवू? आमच्याकडे तोंडावर नाही म्हणत नाहीत. त्यासाठी एक वाक्य आहे, आणि ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. मी तेच म्हटलं, “पत्रिका जमत न्हाई म्हणावं.” असं म्हटलं की दोष ग्रहांवर जातो आणि माणसांना उद्या कुणाच्या लग्नात समोरासमोर जेवायला बसता येतं. नणंदबाईंनी दोन्ही घरच्या पत्रिका आधीच एकमेकांकडे पोचवल्या होत्या; त्या मुलाची आमच्या देवाच्या कपाटात घडी घातलेलीच होती. ती उघडायची असते, हेच माझ्या ध्यानात नव्हतं.

संध्याकाळी मुलगी आली. हेल्मेट काढता काढता म्हणाली, “आई, आत्याला सांग ना, त्याचा नंबर पाठव. काल विचारायचं राहूनच गेलं.”

“कुणाचा?”

“नेऱ्याच्या मुलाचा. मला आवडला तो.”

मी तिला सांगितलं, काय कळवलं ते. ती तशीच हेल्मेट हातात धरून उभी राहिली.

“पत्रिका तू बघितलीस?”

“नाही.”

“मग?”

“तू भांडत होतीस गं त्याच्याशी! मला वाटलं, तुझं काही जमलं नाही.”

“तू ऐकत होतीस?” असं ती म्हणाली नाही. ते तिला ठाऊकच असावं. ती खुर्चीवर बसली आणि तिचा चेहरा इतका उतरला, की मला स्वतःचा फार राग आला. मी म्हटलं, अगं, मग तूच शोध ना त्याला फोनवर, तुम्हाला सगळं येतं. ती म्हणाली, “तुम्ही ‘नाही’ म्हणून कळवलंय. आता मी मेसेज केला तर त्याच्या आईला काय वाटेल? आमच्याशी खेळ करतात?”

हे कोपऱ्यात पायातले बूट काढत बसले होते. त्यांनी विचारलं, “पर तुला आवडलं काय त्याच्यात?”

मुलगी लगेच म्हणाली, “पप्पा, मी त्याचं म्हणणं खोडलं आणि तो म्हणाला, तुमचं बरोबर आहे. एवढंच म्हणाला. तोंड पाडलं नाही, मला समजावत बसला नाही, विषय बदलला नाही. आपल्या घरात हे वाक्य कुणी कुणाला म्हटलेलं तुम्हाला आठवतंय का?”

ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मी ह्यांच्याकडे. आठवेना. मी एवढ्या कादंबऱ्या वाचल्या, त्यांत पहिल्या भेटीत भांडण झालं नाही असं एकही पुस्तक नाही. भांडणाशिवाय तिथे प्रेमच सुरू होत नाही. आणि ते माझ्याच गच्चीवर, माझ्याच कानावर पडलं, तर मला ओळखू आलं नाही. कारण त्यात ड्रॅगनच्या चाऱ्याचा विषय होता. मोगरा आणि मावळता सूर्य लावून बसलेल्या बाईला चारा कसा दिसणार?

“तू जा तिकडं,” मुलगी म्हणाली. “तू ‘नाही’ म्हटलंस, तूच जाऊन सांग. मी नाही जाणार, आणि आत्यालापण मधे घालू नकोस.” आणि आत गेली. रडली नाही, पण जेवायला बोलवल्यावर भूक नाही म्हणाली.

रविवारी हे म्हणाले, “चल, मी येतुया.” आम्ही गाडीवर नेऱ्याला गेलो. वाटेभर मी वाक्यं जुळवत होते आणि एकही धड होत नव्हतं. मला खरंच भीती वाटत होती. पत्रिका जमत नाही म्हणून कळवल्यावर ती आता जमते असं कोणत्या तोंडाने सांगायचं? ग्रह काय तीन दिवसांत हलतात? आणि त्या बाईने दार लावून घेतलं, तर मुलीला घरी जाऊन काय सांगू?

मुलगा घरी नव्हता, भात भरडायला गिरणीवर गेला होता. त्याची आई ओसरीवर तांदूळ पाखडत बसली होती. आम्हाला बघून तिने पदर सारखा केला, पाणी दिलं, बसा म्हणाली, आणि पुन्हा सूप हातात घेतलं. आम्ही का आलो हे तिने विचारलं नाही. मी गोल गोल बोलायला लागले, तसं तिनेच मधे तोडलं.

“ताई, खरं काय ते सांगा. पत्रिका जमत न्हाई म्हणलं म्हणून मी दोन ठिकाणी दावली. दोन्हीकडं म्हणले, अशी जुळती की डोळं झाकून करा. तवापासनं माझ्या जिवाला घोर हाय. तुमच्या गुरुजींना असं काय दिसलं माझ्या पोराच्या पत्रिकेत?”

तिने ते वाक्य खरं धरलं होतं. सगळे जे ऐकतात आणि सोडून देतात, ते ती घेऊन दोन ज्योतिष्यांची दारं चढली होती.

“काय दिसलं न्हाई,” मी म्हटलं. “मी ती कुणाला दावलीच न्हाई. घडीसुदीक मोडली न्हाई. माझं चुकलं. तुमच्या पोरात काय वाईट न्हाई.”

“मंग न्हाई कशापायी म्हणला?”

“मला वाटलं, दोघांचं जमलं न्हाई. गच्चीवर भांडत व्हते.”

“भांडत?” तिने सूप खाली ठेवलं. “कोण? आमचा?”

“व्हय. तासभर.”

मला वाटलं, आता ही चिडणार. पण ती म्हणाली, “त्यो बोलतच न्हाई वो. त्याचे वडील गेल्यापासनं व्हय आन् न्हाई, आन् जेवलीस का. एवढंच. पत्रिका जमत न्हाई म्हणून सांगितलं तर बरं म्हणला आन् वैरण टाकायला गेला. घरात दोन माणसं, मी भिताडाशी बोलती. तासभर? तासभर काय बोलत व्हता त्यो?”

मग मी सांगितलं. दुसरं काय करणार? एक राजाची मुलगी असते, तिला पंख मोडलेला ड्रॅगन सापडतो, इथून सुरू केलं. ड्रॅगन म्हणजे काय, ते तिला माहीत नव्हतं. मी हात पसरून दाखवलं. “लई मोठं जनावर हाय ते,” हे गंभीरपणे म्हणाले. मी शेवट सांगितला, तिने त्याला सोडून दिलं तो. “मंग त्यो काय म्हणला?” ती विचारायची. हातावर वाढलेलं जनावर रानात मरतं, म्हणाला. “बरोबर हाय की. आन् पोरगी काय म्हणली?” मी सांगायचे. “आन् मंग त्यो?” प्रत्येक वाक्याला ती थोडी पुढे सरकत होती. तांदळाचं सूप मधे होतं, तेही तिने बाजूला केलं. मी जिन्यावर बसून चोरून ऐकलेलं सगळं तिला हवं होतं, शेरडांचा हिशेबसुद्धा. मी आयुष्यात इतक्या प्रेमकथा वाचल्या, पण कुणी माझ्या तोंडून अशी ऐकली नव्हती.

“आन् मंग आमची पोरगी म्हणली, माझे वडीलबी हेच विचारत्यात, ड्रॅगन खातो काय. तर त्यो हसला.”

“हसला?”

“हसला.”

“मोठ्यांदा?”

“कबुतरं उडाली टाकीवरची. तुमी खाली बसला व्हता, तुमाला आलं न्हाई ऐकू?”

“आलं व्हतं,” ती म्हणाली. “मला वाटलं, तुमच्या भाडेकऱ्यातलं कोन असंल.” आणि तिने पदर डोळ्यांना लावला.

हे घसा खाकरून म्हणाले, “पोराला इचारा आदी. त्याच्या मनात काय हाय ते बघा.”

“इचारती की. येऊ दे त्याला गिरणीवरनं.” ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि आत जाता जाता वळून म्हणाली, “थांबा विहीणबाई, साखर आणती. मंग पुन्यांदा सांगा, पैल्यापासनं.”